लाळेच्या तपासणीतून हार्ट फेल्युअरचा माग लागेल का?

अवनी_ल

नमस्कार मंडळी. परवा गप्पांच्या पानावर 'आता नुसत्या लाळेवरून हृदयाचा आजार कळणार' अशी एक फॉरवर्ड आली होती आणि त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की हे खरं का, कुठे करून मिळतं, बाबांची करून घेऊ का वगैरे. मी मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (रेणू त्यांच्या वजनावरून ओळखायचं आणि मोजायचं तंत्र) लॅबमध्ये काम करते, रक्त लघवी लाळ सगळ्याची सॅम्पल्स हाताखालून जातात, म्हणून म्हटलं तिथे चार ओळीत उत्तर देण्यापेक्षा वेगळा धागाच काढावा. आधीच सांगते, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावी अशी मान्यता मिळालेली लाळेची हार्ट फेल्युअर टेस्ट आज नाहीये. संशोधन चालू आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं, पण फॉरवर्डमध्ये सांगतात त्या कारणासाठी नाही.

हार्ट फेल्युअर म्हणजे हार्ट अटॅक नव्हे आणि हृदय बंद पडणंही नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला लागतं तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलतं पण त्यासाठी आतला दाब खूप वाढवून घ्यावा लागतो. मग फुप्फुसात पाणी, पायाला सूज, दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, जिना चढताना धाप. इको केल्यावर ईएफ नावाचा आकडा येतो (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो), तो ४० किंवा त्याखाली असेल तर पंपिंग कमी झालंय हे सरळ कळतं, पण ईएफ ५० च्या वर असूनही फेल्युअर असलेले पेशंट ढिगाने असतात, त्यांचं हृदय आकुंचन नीट पावतं पण कडक झाल्यामुळे नीट भरत नाही. या दुसऱ्या गटात निदान करताना भलेभले अडकतात.

आता लाळेत शोधतात ते मेटाबोलाइट, म्हणजे शरीराच्या रासायनिक कामातून तयार होणारे छोटे रेणू, यात कुठून आले? आपलं हृदय दिवसाला ६ किलोच्या वर एटीपी (पेशी वापरतात तो ऊर्जेचा रेणू) बनवतं आणि लगेच खर्च करतं, साठा जवळपास नाहीच. निरोगी हृदय ही ऊर्जा मुख्यतः चरबीतून म्हणजे फॅटी ॲसिडमधून काढतं. हृदय थकायला लागलं की ही व्यवस्था बिघडते, चरबी पूर्ण जाळता येत नाही, मग अर्धवट जळलेले तुकडे (ॲसिलकार्निटीन) रक्तात वाढतात आणि हृदय कीटोनकडे (चरबीपासूनच यकृतात बनणारं पर्यायी इंधन) वळतं, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हे दाखवलं. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या डॉक्टरांनी तर २०१२ मध्ये पेशंटच्या श्वासातलं ॲसिटोन (हाही एक कीटोनच) मोजून दाखवलं होतं की आजार जितका गंभीर तितकं ते जास्त. त्यात भर म्हणजे किडनीला रक्त कमी पडतं, आतड्याला सूज येते, यकृतात रक्त तुंबतं. म्हणजे एका अवयवाचा आजार सगळ्या शरीराच्या केमिस्ट्रीत उमटतो. मेटाबोलाइट प्रोफायलिंग म्हणजे हे शेकडो छोटे रेणू एकाच वेळी मोजून त्यांचा एकूण नकाशा बघणं.

आणि लाळ का? कारण लाळग्रंथींभोवती रक्ताच्या केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि छोटे, चरबीत विरघळणारे रेणू पेशींच्या भिंतीतून सरळ पार होऊन लाळेत येतात. कॉर्टिसॉल या हार्मोनचं हेच होतं, म्हणून तर कुशिंग सिंड्रोमसाठी (शरीरात कॉर्टिसॉल फार वाढण्याचा आजार) रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजणं ही आज नेहमीची तपासणी आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१५ मध्ये लाळेतल्या रेणूंची जंत्री केली ती साडेआठशेच्या आसपास गेली. जपानच्या केइओ विद्यापीठाने अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर २०१० मध्ये २१५ लोकांच्या लाळेवरून तोंडाचा, स्तनाचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर वेगळा ओळखता येतो का हे तपासलं, तिथून या क्षेत्राला जोर आला.

हार्ट फेल्युअरवर मला सगळ्यात आवडलेलं काम इटलीतल्या पिसा विद्यापीठाचं आहे, २०२० मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या संशोधनपत्रिकेत आलं. त्यांनी फेल्युअर बळावून ॲडमिट झालेल्या पेशंटची लाळ दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत बघितली, आणि लॅक्टेट व ८-आयसोप्रोस्टाग्लँडिन एफटू-अल्फा (पेशीतल्या चरबीवर ऑक्सिडेशनचा मारा झाला की तयार होतो) हे दोन रेणू पेशंट सुधारेल तसे खाली येतात असं त्यांना दिसलं. पायलट स्टडी होती, छोटी. पण प्रश्न विचारण्याची पद्धत बघा. 'याला आजार आहे का' असं त्यांनी विचारलं नाही, 'हाच माणूस परवापेक्षा आज बरा आहे का' असं विचारलं. माझं ठाम मत आहे की लाळेचा खरा उपयोग इथेच आहे, निदानात नाही. निदानाला इको आहे, रक्ताची एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा पदार्थ मोजणारी टेस्ट) आहे. घरी गेलेल्या पेशंटवर रोज नजर ठेवायला मात्र आपल्याकडे फार थोडं आहे. रोज सुई टोचता येत नाही, लाळ रोज देता येते.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

कराडचा_पोरगा

अवनीताई, फार छान लिहिलंय, पहिल्यांदा कोणीतरी अटॅक आणि फेल्युअर वेगळं करून सांगितलं. आमच्या वडिलांचा ईएफ ३० आहे, गेली काही वर्षं गोळ्यांवर चाललंय. दर वेळी ती एनटी-प्रोबीएनपी सांगतात आणि आकडा बघून डॉक्टर एकदा म्हणतात बरं आहे एकदा म्हणतात वाढलंय, आम्हाला काही कळत नाही. हाताच्या शिरा इतक्या टोचल्यात की आता रक्त घेणारा पोरगा पण दोनदा चाचपून बघतो. लाळेतून हीच टेस्ट नाही का होत?

अवनी_ल

दादा, प्रयत्न झालाय. पण बीएनपी काय आणि त्याच्याच जोडीने तयार होणारं एनटी-प्रोबीएनपी काय, हे प्रथिनाच्या जातीतलं, आकाराने मोठं, पाण्यात विरघळणारं, ते लाळेत सहज झिरपत नाही, रक्ताच्या मानाने फारच थोडं उतरतं. म्हणून तर लोक छोट्या रेणूंकडे वळले. आकड्याचं म्हणाल तर एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली असेल तर ओपीडीत आलेल्या माणसाला फेल्युअर असण्याची शक्यता कमी, हे तिचं मुख्य काम. वर गेली की अर्थ लावावा लागतो, कारण वय वाढलं, किडनी कमजोर असली, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) असलं तरी ती वाढते आणि माणूस लठ्ठ असेल तर उलटी कमी दिसते. त्यामुळे वडिलांचा आकडा दुसऱ्या कोणाशी नको, त्यांच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघायचा.

ब्रिस्बेनवासी

अवनी म्हणतेय तो प्रयत्न आमच्या गावातलाच. इथे क्वीन्सलँडमध्ये चमिंडी पुन्यदीरा यांच्या गटाने २०१२ मध्ये प्लॉस वन या संशोधनपत्रिकेत पेपर दिला होता, लाळेतली एनटी-प्रोबीएनपी मोजून. निरोगी लोकांत सापडलीच नाही म्हणण्याइतकी कमी आणि पेशंटमध्ये बहुतेकांत सापडली, म्हणजे खोटा पॉझिटिव्ह एकही नाही पण ८२ टक्के पेशंटच पकडले गेले, बाकीचे सुटले. आणि गंमत अशी की लाळेतला आकडा आणि रक्तातला आकडा यांचा आपसात मेळ लागला नाही. नंतर याच गटाने गॅलेक्टिन-३ आणि लाळेतल्या इतर प्रथिनांवरही काम केलंय. मी स्वतः या विषयातला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, पण सासऱ्यांच्या आजारपणात हे सगळं वाचून काढलं होतं. मेळ लागला नाही याचा अर्थ काय घ्यायचा?

अवनी_ल

चांगला मुद्दा काढलात. याचा अर्थ लाळ ही रक्ताची पातळ केलेली कॉपी नाही. ग्रंथी स्वतः काही गोष्टी बनवते, काही अडवते, काही हिरडीच्या फटीतून रक्तद्रव झिरपतो त्याबरोबर येतात, आणि तोंडातले जंतू स्वतःचं वेगळंच शिजवत असतात. म्हणून लाळेतल्या आकड्याला रक्ताच्या फूटपट्टीने मोजायचं नाही, त्याची स्वतःची फूटपट्टी बनवावी लागते, आणि ती अजून बनलेली नाही.

दंतवैद्य_सातारा

मी याच वाक्याची वाट बघत होतो :) जंतूंबद्दल दोन शब्द बोलतो कारण हार्टवाले लोक तोंड बघतच नाहीत.

लॅक्टेटचंच घ्या. पेशंटच्या स्नायूंना ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टेट वाढतं हे बरोबर, पण दातांवरच्या थरातले जंतू साखर मिळाली की काही मिनिटांत लॅक्टिक ॲसिड बनवतात, किडण्याचं मूळच ते. म्हणजे सकाळी सात वाजता एकाने गोड चहा पिऊन लाळ दिली आणि दुसऱ्याने उपाशी दिली तर तुम्हाला हृदयातला फरक दिसणार का चहातला? ॲसिटेट, प्रोपिओनेट, सक्सिनेट हे लाळेत भरपूर सापडणारे रेणू तर बहुतांशी जंतूंचेच. मांडवात बँड वाजत असताना शेजारचा कानात काय सांगतोय ते ऐकायचं, तशातली गत आहे ही.

त्यात आपल्याकडचं वेगळं. माझ्या खुर्चीवर येणाऱ्या पन्नाशीपुढच्या बायकांत मिश्री लावणाऱ्या अजून खूप आहेत, सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर चोळतात, पुरुषांत तंबाखू-चुना, गुटखा, पान. चुन्याने तोंडाचा पीएच बदलतो, सुपारी-तंबाखूतले अल्कलॉइड लाळेत तासन्तास राहतात, हिरड्या कायम सुजलेल्या आणि रक्ताळलेल्या. इटलीत बनवलेलं मॉडेल इथे आणून लावलं तर ते हार्ट फेल्युअर नाही, मिश्री ओळखेल. आणि हार्टचे पेशंट वयस्कर, कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक बहुतेक वेळा तरुण स्टाफ किंवा विद्यार्थी, त्यांचे दात-हिरड्या चांगल्या. मग दोन गटांत जो फरक सापडतो तो पायोरियाचा नाही कशावरून?

माझं म्हणणं एवढंच की अशा प्रत्येक स्टडीत एक दंतवैद्य असावा, हिरड्यांचं प्रोबिंग (दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजणं) करून प्रत्येक पेशंटची नोंद असावी. त्याशिवायचा पेपर मी वाचतो आणि बाजूला ठेवतो.

अवनी_ल

डॉक्टर, शब्दाशब्दाला अनुमोदन. म्हणूनच सॅम्पल घेण्याचे नियम इतके कडक ठेवतात. वॉर्डातलं चित्र सांगते म्हणजे लोकांना कळेल. सकाळी, उपाशीपोटी, ब्रश करून किमान तासभर झालेला, तासभर काही खाल्लं प्यायलं नाही. साध्या पाण्याने चूळ, मग दहा मिनिटं थांबायचं नाहीतर ते पाणीच सॅम्पलमध्ये येतं. पेशंटने पलंगाच्या कडेला बसून मान किंचित पुढे करायची, खाकरायचं नाही, थुंकायचं नाही, ओठ सैल सोडून लाळ तोंडात साठू द्यायची आणि ओघळू द्यायची नळीत. नळी बर्फात उभी. वर फेस येतो तो धरायचा नाही, खालचं द्रव किती झालं ते बघायचं. गुलाबी छटा दिसली म्हणजे हिरडीतून रक्त आलंय, ते सॅम्पल बाद. मग थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, तळाला पेशी आणि जंतूंचा पांढरट गाळ बसतो, वरचं निवळ लगेच उणे ८० च्या फ्रीझरमध्ये. या मधल्या वेळात नळी बाहेर टेबलावर राहिली तर जंतू आपलं काम चालूच ठेवतात आणि मशीन इमानदारीत ते मोजतं. कापसाचा बोळा चघळायला देऊन घेतलेली लाळ सोयीची असते पण कापूस काही रेणू धरून ठेवतो आणि स्वतःचे काही सोडतो, म्हणून प्रोफायलिंगला मी ती पसंत करत नाही.

मिश्रीचा मुद्दा मात्र इटालियन प्रोटोकॉलमध्ये कुठून असणार. तो आपल्यालाच लिहावा लागेल.

मनिषा७९

मी कॉमर्सवाली, अर्धं डोक्यावरून गेलं पण एक विचारते. माझ्या आईला फेल्युअर आहे, तिला दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय आणि लघवीची गोळी चालू आहे, तिचं तोंड इतकं कोरडं पडतं की रात्री जीभ टाळूला चिकटते म्हणते, मी तिला बर्फाचा छोटा खडा चोखायला देते, पाणी म्हणून तो पण मोजून. तुम्ही म्हणता लाळ रोज देता येते पण आईला तर ती येतच नाही हो. मग अशा पेशंटचं काय?

अवनी_ल

मनिषाताई, तुम्ही कॉमर्सवाल्या असून या विषयातल्या सगळ्यात अवघड जागेवर बोट ठेवलंत. निरोगी माणसाला चघळल्याशिवाय मिनिटाला साधारण ०.३ मिली लाळ सुटते, म्हणजे २ मिली गोळा व्हायला सहा-सात मिनिटं. ज्यांची ०.१ च्या खाली गेली त्यांना तेवढ्यासाठी वीस मिनिटांहून जास्त बसावं लागतं, धाप लागलेल्या माणसाला मान पुढे करून इतका वेळ बसवणं बरोबरही नाही, पुढे वाकलं की काहींची धाप वाढतेच. आणि शास्त्राच्या बाजूने बघितलं तर लाळ कमी म्हणजे त्यातलं सगळंच दाट. मग युरिक ॲसिड वाढलेलं दिसलं तर ते आजाराने का नुसत्या कोरडेपणाने? यावर उपाय म्हणून कोणी एकूण प्रथिनांनी भागतात, कोणी लाळ सुटण्याच्या वेगाने गुणतात, कोणी एकाच सॅम्पलमधल्या दोन रेणूंचं गुणोत्तर घेतात. मला गुणोत्तर जास्त पटतं कारण दाटपणा वरही असतो आणि खालीही, तो कटतो. पण सगळ्यांनी मान्य केलेली एक पद्धत नाहीये आणि त्यामुळे एका गटाचे आकडे दुसऱ्याशी लावता येत नाहीत.

आईच्या कोरड्या तोंडाबद्दल तिच्या डॉक्टरांना जरूर सांगा, नुसतं सहन करत राहू नका. आणि वरचे दंतवैद्य काही सुचवतील तर बघा.

दंतवैद्य_सातारा

मनिषाताई, बर्फाचा खडा चांगलाच. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळता येत असेल तर लाळ सुटते. जेलच्या रूपात कृत्रिम लाळ मिळते, ती झोपण्याआधी लावली तर रात्रीचा त्रास कमी होतो. अल्कोहोलवालं माउथवॉश अजिबात नको. लिंबाच्या गोळ्या चोखू देऊ नका, कोरड्या तोंडात दात भराभर किडतात. कवळी असेल तर रात्री काढून ठेवायची. आणि सहा महिन्यांनी एकदा दात दाखवा.

आकडेमोड

उशिरा आलो. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून फक्त त्या बाजूने.

या प्रोफायलिंगमध्ये एका सॅम्पलमधून मशीन समजा ३००० सिग्नल देतं आणि पेशंट ३०, निरोगी ३०. आता हृदयाचा आणि लाळेचा काडीचाही संबंध नाही असं धरलं तरी ०.०५ च्या नेहमीच्या कसोटीवर (शंभरात पाच योगायोग चालवून घेणारी) ३००० पैकी सुमारे १५० सिग्नल निव्वळ योगायोगाने 'सिग्निफिकंट' निघणार. त्या १५० मधले सगळ्यात सुंदर दहा निवडायचे, त्यांचं मॉडेल बांधायचं, त्याच ६० लोकांवर तपासायचं आणि ९५ टक्के अचूक म्हणून जाहीर करायचं. अशा पेपरमध्ये दोन रंगांचे ठिपके दोन बाजूला छान वेगळे झालेलं चित्र असतं ना, ते चित्र निव्वळ रँडम आकड्यांवरही तसंच निघतं, मी वर्गात काढून दाखवतो, मुलं चाट पडतात.

बेंजामिनी-हॉखबर्ग यांनी १९९५ मध्ये यावर पद्धत दिलीय, ती आता बहुतेक वापरतात. पण खरी परीक्षा एकच, दुसऱ्या शहरातले, दुसऱ्या हॉस्पिटलमधले, आधी कधी न बघितलेले पेशंट आणा आणि मॉडेलला हात न लावता चालवून दाखवा. अवनी, तुमच्या क्षेत्रात हे किती लोक करतात?

अवनी_ल

सर, लाळ आणि हार्ट फेल्युअर एवढ्यापुरतं विचाराल तर फार कमी. बहुतेक अभ्यास एका केंद्रातले आणि छोटे आहेत. मशीनची स्वतःची लहर पण असते, सोमवारी चालवलेली बॅच आणि गुरुवारची बॅच यात फरक येतो, म्हणून सगळ्या सॅम्पल्सचा थोडा थोडा भाग एकत्र करून ते मिश्रण दर काही सॅम्पलनंतर पुन्हा पुन्हा चालवतात, ते स्थिर आलं तरच बाकीचं धरायचं. आणि पेशंट सगळे सोमवारी, निरोगी सगळे गुरुवारी असं चालवलं तर सगळंच वाया.

पण तुमच्याच मुद्द्यावरून मी परत माझ्या म्हणण्यावर येते. दोन गटांची तुलना केली की वय, दात, औषधं, आहार, मिश्री सगळं मध्ये येतं. तोच माणूस स्वतःशी ताडला तर यातलं बरंच गळून पडतं, त्याची मिश्री आजही तीच आणि उद्याही तीच.

औषधवाला

मेडिकलचं दुकान आहे माझं, एक शंका. हल्ली फेल्युअरच्या जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर डापाग्लिफ्लोझिन असतं, शुगर नसली तरी, २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून स्वस्त पण झालंय. ही गोळी कीटोन वाढवते ना? मग ताईंनी वर लिहिलेल्या कीटोनच्या गणिताचं काय होणार?

अवनी_ल

बरोबर पकडलंत. वाढवते, थोडे. म्हणजे चिठ्ठीत डापा आल्याच्या आठवड्यात लाळेत किंवा श्वासात कीटोन वाढले तर तो आजार बळावल्याचा पुरावा नाही, उलट उपचार चालू झाल्याचा आहे. बीटा ब्लॉकरने (ठोके कमी करणारी गोळी) लाळेतलं ॲमायलेज (पिष्ट पचवणारं एन्झाइम) कमी होतं. रक्ताच्या टेस्टमध्येही असा प्रकार आहेच, सॅक्युबिट्रिलवाली गोळी चालू असेल तर बीएनपी वाढलेलं दिसू शकतं कारण ते मोडणारं एन्झाइमच ती गोळी अडवते, म्हणून तिथे एनटी-प्रोबीएनपी बघतात. त्यामुळे गोळी बदलली ती तारीख सॅम्पलच्या नोंदीत हवीच, नाहीतर आपण आजाराऐवजी चिठ्ठी वाचत बसू.

गावाकडचा_डॉक्टर

धागा सकाळपासून वाचतोय. तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. विषय चांगला, लिहिणारे जाणकार, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय.

आपल्याकडची राष्ट्रीय हार्ट फेल्युअर रजिस्ट्री बघा, ५३ हॉस्पिटलं, १०,८५१ पेशंट, सरासरी वय ६० च्या आत. ॲडमिट झालेल्यांपैकी १४ टक्के ९० दिवसांत गेले. युरोप-अमेरिकेत हा आजार सत्तरीपुढच्यांचा, आपल्याकडे घर चालवणाऱ्या माणसाचा. आणि ते का जातात? फेल्युअरला लागणाऱ्या चार प्रकारच्या गोळ्यांपैकी दोनच चालू, त्याही अर्ध्या डोसमध्ये, बरं वाटलं की बंद. लोणचं-पापड-फरसाण चालू. घरात वजनकाटा नाही. मी प्रत्येकाला सांगतो, सकाळी उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, तेच कपडे घालून वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं, तीन दिवसांत २ किलोने वाढलं तर फोन करायचा. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघायचं. याला पैसे लागत नाहीत. तरी दहातले किती करतात? ज्याला वजन लिहायचा कंटाळा तो रोज सकाळी उपाशीपोटी नळीत लाळ जमवून बर्फात ठेवेल? मास स्पेक्ट्रोमीटरच्या एका मशीनच्या पैशात आख्ख्या जिल्ह्याला वजनकाटे वाटून होतील. राग मानू नका.

कराडचा_पोरगा

डॉक्टरसाहेब +१. आमच्या वडिलांना डिस्चार्ज देताना हे वजनाचं कोणीच सांगितलं नव्हतं, फाइल हातात दिली आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. पुढच्या खेपेला पाणी भरून परत गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरने सांगितलं. आता मी रोज लिहितो.

अवनी_ल

डॉक्टर, राग कसला, वजनकाटा आधी हे मलाही मान्य आहे, आणि हा धागा वाचून कोणी एकाने जरी काटा आणला तरी मला आनंद होईल. पण संशोधन थांबवावं हे नाही पटत, आणि त्याला कारण आहे.

वजन उशिरा वाढतं. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये चॅम्पियन ट्रायल आली, ५५० पेशंट, फुप्फुसाच्या धमनीत छोटा सेन्सर बसवून दाब रोज घरून मोजला आणि त्याप्रमाणे गोळ्या बदलल्या, तर सहा महिन्यांत फेल्युअरसाठी ॲडमिट होणं २८ टक्क्यांनी कमी झालं. या सेन्सरच्या कामातून कळलेली मोठी गोष्ट ही की दाब वाढायला लागतो तो लक्षणं दिसण्याच्या कितीतरी दिवस आधी, आणि बऱ्याच जणांचं वजन तर शेवटपर्यंत फारसं वाढतच नाही, पाणी असतं तेच रक्तवाहिन्यांत सरकतं. म्हणजे दाब वाढण्यापासून धाप लागेपर्यंत एक मोकळा काळ असतो ज्यात वजनकाटा गप्प असतो. तो सेन्सर महाग, कॅथेटरने बसवावा लागतो, तुमच्या तालुक्याच्या पेशंटला तो मिळणार नाही. मग त्याच मोकळ्या काळात शरीराच्या केमिस्ट्रीत काही हलतं का, आणि ते लाळेत दिसतं का? हा प्रश्न मला झोपू देत नाही. उत्तर 'नाही' आलं तरी चालेल, पण ते नीट शोधलेलं असावं.

आणि मास स्पेक्ट्रोमीटर पेशंटच्या घरी जाणारच नाहीये. त्याचं काम हजारांतून कामाचे दोन-चार रेणू शोधणं. ते एकदा सापडले की शुगरच्या पट्टीसारखी पट्टी बनवता येते. युरोपियन युनियनच्या पैशातून २०१५ च्या सुमारास हार्टेन नावाचा प्रकल्प झाला त्यात श्वास आणि लाळेचे सेन्सर मोबाइलला जोडायचा प्रयत्न होता, म्हणजे दिशा तीच आहे.

गावाकडचा_डॉक्टर

वजन गप्प असतं हे खरं आहे. मी पण बघतो, काटा जागचा हलत नाही आणि माणूस रात्री दोनला उठून खिडकीशी बसतो. हा मुद्दा मान्य. मात्र मग स्टडी आमच्यासारख्या ठिकाणच्या पेशंटवर करा, मोठ्या शहरातल्या सुपरस्पेशालिटीतल्यांवर नको. माझ्याकडे संधिवाती तापाने झडपा खराब झालेले चाळिशीतले पेशंट आहेत, ते तुमच्या कुठल्याच युरोपियन पेपरमध्ये नसतात.

मनिषा७९

अशी स्टडी निघाली तर आईला घेऊन येता येईल का? कोरड्या तोंडाचे पेशंट चालतात का? तिला विचारलं मी, म्हणाली माझी लाळ घेऊन कोणाचं भलं होत असेल तर घेऊ दे.

अवनी_ल

मनिषाताई, कोरड्या तोंडाचे पेशंट हवेतच, त्यांना वगळून केलेली टेस्ट बऱ्याच लोकांना लागूच पडणार नाही. कुठलीही खरी स्टडी असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी असते, मराठीत लिहिलेलं संमतिपत्र सही करण्याआधी वाचायला देतात आणि पेशंटकडून पैसे घेत नाहीत. ट्रायल असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नाव शोधता येतं. कोणी पैसे मागून 'लाळेवरून हार्टची तपासणी' करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

डॉक्टर, तुमचं आमंत्रण मी गंभीरपणे घेतेय. मला तीन गोष्टी कळल्या तर प्रस्तावाचा कच्चा मसुदा लिहायला घेते. तुमच्या दवाखान्यात बर्फ आणि साधा सेंट्रिफ्यूज आहे का, सकाळी साडेसात-आठला उपाशीपोटी पेशंट येऊ शकतील का (लांबून एसटीने येणाऱ्यांचं काय), आणि डिस्चार्जनंतर महिनाभर दर आठवड्याला तोच पेशंट परत येईल का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, बाकी नाही जमलं तरी मार्ग काढू.

गावाकडचा_डॉक्टर

सेंट्रिफ्यूज आहे, साधा, थंड करणारा नाही. बर्फ शेजारच्या डेअरीतून मिळतो. उणे ८० नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागेल. सकाळची पहिली गाडी पावणेसातला येते, म्हणजे लांबचेही पोचतात, पण ते स्टँडवर उतरल्या उतरल्या चहा घेतात, तेवढं आधी सांगून ठेवावं लागेल. दर आठवड्याला यायचं तिकीट दिलंत तर येतील.

दंतवैद्य_सातारा

मिश्री-तंबाखू किती, कधी, शेवटची केव्हा लावली, आणि हिरड्यांची सहा ठिकाणची खोली, असा एक पानी फॉर्म मी मराठीत करून देतो. नर्सला भरता येईल असा. अवनी, विपू (तुमच्या पानावरची विचारपूस) बघा, आज रात्री पाठवतो.